घशातल्या पिशवीचं ऑपरेशन : मानेतून, तोंडातून की नकोच?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी सल्ला हवा आहे.

आबांचं वय ७६. गेलं वर्ष-दीड वर्ष त्यांना घास अडकतो. आधी भाकरी अडकायची, मग भात, आता चहासुद्धा. दोन घोट घेतले की गळ्यातून गुडगुड आवाज येतो, शेजारी बसलेल्याला ऐकू जातो. रात्री जेवून झोपले की पहाटे ठसका लागतो आणि उशीवर आदल्या रात्रीचं अन्न असतं, तसंच्या तसं, आंबट वासही नाही. परवा तर सकाळी घेतलेली बीपीची गोळी संध्याकाळी खोकताना तोंडात आली, जवळजवळ अख्खी. वजन इतकं उतरलंय की जुने सदरे अंगावर लोंबतात.

वर्षभर पित्ताच्या गोळ्या झाल्या. खोकला आणि वजन बघून टीबीच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. शेवटी इथल्या, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी बेरियम पाजून एक्स-रे काढायला लावला आणि चित्र स्पष्ट झालं. घशाच्या मागच्या भिंतीतून निघून डावीकडे झुकलेली पिशवी, साधारण साडेतीन सेंटिमीटरची. रिपोर्टवर लिहिलंय झेंकर्स डायव्हर्टिक्युलम.

आता इथले सर्जन म्हणतात, मानेला चीर देऊन पिशवी काढू. पुण्यातले एक पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, तोंडातून दुर्बिणीने करू, चीर नको. थोरला भाऊ म्हणतो, या वयात काहीच नको, पातळ खाऊन दिवस काढतील. आबांची जुनी अँजिओप्लास्टी आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. मान तालमीत घडलेली, आता आखडलेली, मागे फारशी जात नाही.

कुणाच्या घरात हे झालंय का? काय केलंत, आणि आता कसं आहे?

निशिगंधा

पहिल्यांदाच ऐकतेय हे. पण उशीवरच्या अन्नाचं वाचून दचकले, माझ्या मावसआजोबांना अगदी असंच व्हायचं. त्यांचं निदान शेवटपर्यंत झालं नाही, "वयामुळे गिळता येत नाही" एवढ्यावरच सगळे थांबले. तुम्ही शोधून काढलंत हेच मोठं आहे. धाग्यावर लक्ष ठेवते.

वारणेचा_वाघ

भावा, घाई करू नको. रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यातनं गाईचं तूप आणि ज्येष्ठमध. आमच्या चुलत्यांचा घसा यानंच खुला झाला. कापाकापीच्या मागं लागलं की माणूस संपतो.

कृष्णाकाठ

वाघसाहेब, राग मानू नका, पण चुलत्यांचा घसा सुजला असेल. इथे भिंतीतून पिशवी बाहेर आली आहे, ती एक्स-रेत दिसतेय. तूप त्या पिशवीतच जाऊन बसेल.

शाहूपुरीकर, माझ्या सासूबाईंचं मानेतून झालंय. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं, पिशवी तुमच्या आबांपेक्षा मोठी. मानेच्या डाव्या बाजूला चीर देऊन पिशवी काढली आणि खालचा स्नायूही कापला. पहिले काही दिवस नाकातून नळी, तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मग रंग पाजून एक्स-रे काढला, कुठे गळती नाही याची खात्री झाल्यावर पाणी, मग ताक, मग मऊ भात. आवाज काही आठवडे घोगरा होता, सासूबाई फोनवर बोलल्या की समोरचा "कोण बोलतंय?" विचारायचा. तो हळूहळू सुटला. आज त्या भाकरी चुरून खातात, भाजीत शेंगदाण्याचं कूट घालून खातात, सगळं खातात. त्यानंतर परत कधी अडकलं नाही.

म्हणून माझं मत मानेतूनच करा. एकदा काढली की विषय संपला.

मी_मिरजकर

>> एकदा काढली की विषय संपला <<

याला माझी हरकत आहे. माझ्या वडिलांचं तोंडातून, स्टेपलरने (कापता कापता पिना मारणाऱ्या यंत्राने) झालं. भूल पूर्ण दिली होती, पण मानेवर ओरखडासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पातळ खायला दिलं आणि आम्ही लवकरच घरी आलो. वय जास्त असेल तर दवाखान्यात जितके कमी दिवस पडून राहील तितकं बरं, असं आम्हाला सांगितलं होतं आणि ते पटलं. पडून राहण्यातच म्हातारी माणसं खचतात.

बावड्याचा_पैलवान

आबा कुठल्या तालमीतले? आखडलेली मान वाचूनच ओळखलं, वस्तादांनी डोकं टेकून मानेवर पूल करून घेतलेला असणार! दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगा, ही मान चितपट होणाऱ्यातली नाही.

शाहूपुरीकर

पैलवान, गंगावेशीतले. आबांना वाचून दाखवलं, खूप दिवसांनी मनापासून हसले.

भूलवाल्या_काकू

मी भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. असे रुग्ण टेबलावर पाहिले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आबांना न तपासता लिहिते आहे, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी पिशवी का होते ते समजून घ्या, मग ऑपरेशनांमधला फरक आपोआप कळतो. घसा जिथे संपतो आणि अन्ननलिका सुरू होते तिथे एक आडवा, पट्ट्यासारखा स्नायू असतो. त्याचं नाव क्रिकोफॅरिंजियस. एरवी तो आवळलेला राहतो, घास आला की सैल पडतो, घास गेला की परत आवळतो. काही जणांत उतारवयात तो ताठर होतो, घास आला तरी पुरेसा सुटत नाही. वरून घसा जोर लावतोय, खाली दार अर्धवट बंद. मग तो दाब जागा शोधतो. या स्नायूच्या जरा वर मागच्या बाजूला भिंत नैसर्गिकरीत्याच पातळ असते, तिला किलियनचा त्रिकोण म्हणतात. तिथून आतलं अस्तर बाहेर ढकललं जातं आणि पिशवी बनते. तिच्यावर स्नायूचा थर नसतो, नुसतं अस्तर. एकदा बनली की अन्न आधी पिशवीत जातं, ती भरून अन्ननलिकेवर दाब देते आणि अडकणं वाढत जातं. झोपलं की तीच रिकामी होते, तुम्ही उशीवर पाहिलंत ते हेच. गोळी पोटात गेलीच नव्हती म्हणून अख्खी राहिली. आंबट वास नाही त्याचं कारणही हेच.

म्हणजे मूळ दुखणं पिशवी नाही, तो स्नायू आहे. कृष्णाकाठ, तुमच्या सासूबाईंना आराम पडला तो पिशवी काढली म्हणून जितका, तितकाच स्नायू कापला म्हणून. स्नायू तसाच ठेवून नुसती पिशवी काढली तर दाब तोच राहतो. टाक्यांच्या जागी गळती होण्याची आणि पिशवी पुन्हा होण्याची भीती असते.

तोंडातून करायच्या सगळ्या पद्धतींत पिशवी काढतच नाहीत. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक भिंत असते आणि तो स्नायू त्या भिंतीतच असतो. शेतातल्या दोन वाफ्यांमधला बांध फोडला की पाणी अडत नाही, तसं ती भिंत कापली की पिशवीतलं अन्न सरळ अन्ननलिकेत उतरतं. स्नायूही कापला जातो, मोकळी जागाही होते. नंतर एक्स-रे काढला तर थोडी पिशवी दिसू शकते, त्याने घाबरायचं नाही. माणसाला गिळता येतंय का ते बघायचं.

भुलेबद्दल वेगळं लिहिते, ते महत्त्वाचं आहे.

तांबडा_पांढरा

काकू, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

इतिहासात_रमणारा

थोडं अवांतर, पण विषयाशी जोडलेलं. लुडलो नावाच्या इंग्रज डॉक्टरने अशा पिशवीचं वर्णन १७६९ साली छापून आणलं. झेंकर आणि झीमसेन या जर्मन डॉक्टरांनी १८७७ मध्ये रुग्णांचा अभ्यास एकत्र मांडला आणि नाव झेंकरचं राहिलं. पिशवी यशस्वीपणे कापून काढल्याची पहिली नोंद १८८६ची, व्हीलर नावाच्या सर्जनची. तोंडातून भिंत कापायची कल्पनाही नवी नाही, मोशर यांनी १९१७ मध्ये ती वापरली. पण तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, छातीत जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावला आणि त्यांनी पद्धत सोडून दिली. १९६० मध्ये डोलमन आणि मॅटसन यांनी विजेने जाळून कापायची रीत आणली, पुढे लेसर, १९९३ मध्ये स्टेपलर, १९९५ मध्ये वाकणाऱ्या दुर्बिणीतून कापणं. शंभर वर्षं डॉक्टर मान की तोंड याच प्रश्नाभोवती फिरतायत. त्यामुळे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत म्हणून कुणी फसवतंय असं मानू नका.

मी_मिरजकर

छान माहिती. आणि आमच्या मिरजेचा उल्लेख कुणी करत नाही म्हणून मीच करतो. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना बांधला तेव्हापासून कोल्हापूरकर उपचाराला आमच्याकडेच येतात. :)

बावड्याचा_पैलवान

येतो, पण जेवायला परत कोल्हापुरातच.

भूलवाल्या_काकू

हं, भुलेचं. या रुग्णांत आम्हाला सगळ्यात जास्त काळजी असते ती पिशवीत साठलेल्या अन्नाची. पोट रिकामं म्हणजे पिशवी रिकामी असं नाही. भूल चढताना ते अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. म्हणून आधी एक-दोन दिवस फक्त पातळ पदार्थ देतात, शेवटी उपाशी ठेवतात आणि भूल देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवतात. एरवी अन्न वर येऊ नये म्हणून भूल देताना काही वेळा गळ्यावर बोटांनी दाब देतात, तो इथे उलटा पडू शकतो, पिशवी दाबली जाऊन अन्न वर येतं. भूलतज्ज्ञांना बेरियमचा फोटो दाखवाच. फाईलमध्ये आहे म्हणून गप्प राहू नका, हातात द्या.

दुसरं, कुणीही पोटाची दुर्बीण किंवा नाकातून नळी घालणार असेल तर "घशात पिशवी आहे" हे आधी सांगा. न बघता पुढे ढकललेली नळी पिशवीत शिरते आणि पातळ भिंत फाटू शकते.

सायली_क

काकूंच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. माझ्या काकांच्या बाबतीत एका खासगी दवाखान्यात पित्तासाठी दुर्बीण घालायला गेले, पुढे जात नाही म्हणून जोर लावायला लागले. नशीब, काकांनी हात धरला. नंतर बेरियममध्ये पिशवी निघाली. गिळताना अडकतंय म्हटलं की आधी बेरियम करा असं मी आता सगळ्यांना सांगते. तासाभराचं काम, खर्च बेताचा, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

चिकोत्रा

मी कान-नाक-घसा विषयात काम करतो. शाहूपुरीकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

तोंडातून करायचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, आम्ही करतो तो. धातूची ताठ नळी तोंडातून घालतो, तिला दोन पाती असतात. एक पातं अन्ननलिकेत, दुसरं पिशवीत, मधे भिंत दिसते. मग स्टेपलरने किंवा लेसरने ती कापायची. स्टेपलर कापता कापता दोन्ही कडा पिनांनी शिवत जातो, त्यामुळे रक्तस्राव आणि गळती कमी. पण स्टेपलरच्या टोकाचा साधारण एक सेंटिमीटर भाग कापत नाही, म्हणून पिशवी फार लहान, दोन-अडीच सेंटिमीटरच्या आतली असेल तर भिंत पुरेशी कापली जात नाही. आबांची साडेतीनची आहे, म्हणजे मापाने बसते.

अडचण मानेची आहे. ताठ नळी सरळच जाणार. त्यासाठी मान मागे वळायला हवी, तोंड मोठं उघडायला हवं, पुढचे दात आड यायला नकोत. पैलवानांनी गमतीत लिहिलं ते खरं आहे, आखूड, जाड, आखडलेल्या मानेत ही नळी कधी कधी बसतच नाही. टेबलावर भूल दिल्यावर कळतं आणि मग मानेतून करावं लागतं किंवा थांबावं लागतं. तशी वेळ आली तर काय करायचं ते आधीच ठरवून संमतीपत्रावर लिहून घ्या.

दुसरा रस्ता पोटविकारतज्ज्ञांचा. त्यांची दुर्बीण वाकते, मानेला ताण द्यावा लागत नाही. भिंत बारीक विजेच्या सुरीने कापतात. यातली नवी पद्धत झेड-पोएम, २०१६ पासूनची. वरच्या अस्तराला छोटी चीर देऊन खालून बोगदा करतात, स्नायू नीट समोर दिसतो, तो तळापर्यंत कापतात आणि अस्तर क्लिपांनी बंद करतात. पण हे करणारे हात मोजके आहेत.

मानेतूनचा रस्ता अजूनही मला आदराचा वाटतो. फार मोठ्या पिशवीला, तोंडातून पोचता न येणाऱ्या रुग्णाला, तोंडातून करून परत त्रास झालेल्याला तोच. पिशवी काढायची नसेल तर ती उलटी वर टांगून ठेवतात, म्हणजे अन्न साठत नाही आणि अस्तर कापावं लागत नसल्याने गळतीची भीतीही कमी. नंतर परत त्रास होण्याचं प्रमाण मानेतून केल्यावर कमी, तोंडातून केल्यावर जास्त. उलट आवाजाच्या नसेला इजा, जखमेची गळती, जंतुसंसर्ग हे धोके मानेतून जास्त. जे कमी करायचंय त्यावर निवड ठरते.

कृष्णाकाठ

डॉक्टर, आभार. टांगून ठेवण्याबद्दल आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. आबांची मान अशी असेल तर माझा "मानेतूनच" हा आग्रह मी धरत नाही, पण तो पर्याय मनातून काढू नका एवढंच.

पन्हाळ्याची_सून

गोळ्या-औषधांनी खरंच काही होत नाही का? ऑपरेशन नको म्हणणाऱ्या भावाची बाजू कुणीच घेत नाहीये.

चिकोत्रा

पिशवी औषधाने जात नाही. त्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याने तो काही महिने सैल राहतो. ज्यांना भूल झेपणारच नाही त्यांच्यासाठी ठीक. आणि पिशवी छोटी असेल, त्रास नसेल तर खरोखर काहीच करायचं नसतं, अधूनमधून बघत राहायचं. पण वजन उतरतंय, रात्री ठसका लागतोय, अशा माणसाला तसंच ठेवणं हा निर्धोक पर्याय नाही. अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया ७६व्या वर्षी ऑपरेशनपेक्षा जड जातो.

सायली_क

पिशवीत कॅन्सर होतो असं वाचलं, खरं का?

चिकोत्रा

होतो, पण फार क्वचित. त्या भीतीने ऑपरेशन करू नका. मात्र गिळताना दुखायला लागलं किंवा थुंकीतून रक्त आलं तर लगेच दाखवा. ऑपरेशनच्या वेळी पिशवीचं अस्तर आतून नीट बघून घेतात, ते सर्जनला आठवणीने विचारा.

वारणेचा_वाघ

एवढं वाचून तुपाचा सल्ला मागं घेतो. आबांना लवकर बरं वाटू दे, आई अंबाबाईच्या चरणी प्रार्थना.

शेंगदाणा_लाडू

ऑपरेशन होईपर्यंत खायला काय द्यायचं यावर कुणी लिहा ना. माझ्या आईला मेंदूच्या झटक्यानंतर गिळायचा त्रास होता, कारण वेगळं, पण घरातली धावपळ तीच. आम्ही नाचणीची आंबील, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, घोटलेला भात, केळं कुस्करून दुधात असं द्यायचो. चुरमुरे, भडंग, शेंगदाणे, पालेभाजीच्या दोऱ्या पूर्ण बंद.

तांबडा_पांढरा

आणि पांढरा रस्सा! मटणाचा गाळलेला स्टॉक, नारळाचं दूध, खसखस-काजू बारीक वाटून गाळून, तिखट बेतानं. आजारी माणसाला द्यायला यापेक्षा चांगलं पातळ अन्न कोल्हापुरात सापडणार नाही. आबांना नुसत्या आंबिलीवर ठेवलं तर पैलवान माणूस रुसेल.

शेंगदाणा_लाडू

चाळणीऐवजी मलमलच्या फडक्यातनं गाळा. खसखशीचे कण चाळणीतून जातात.

गिळणं_बोलणं

मी गिळण्याच्या त्रासावर काम करणारी थेरपिस्ट. शेंगदाणा_लाडू, झटक्यानंतर व्यायामाचा फायदा होतो, इथे व्यायामाने पिशवी जात नाही. ऑपरेशनपर्यंत सांभाळायला एवढं करा. ताठ बसून लहान घास, एका घासाला दोनदा गिळायचं, मधूनमधून पाण्याचा घोट. जेवणानंतर दीड-दोन तास आडवं व्हायचं नाही, रात्रीचं जेवण लवकर. झोपताना डोक्याकडची बाजू उंच, नुसत्या उशा नकोत, पलंगाच्या पायाखाली विटा द्या. काही रुग्ण मानेच्या डाव्या बाजूला हाताने दाबून पिशवी रिकामी करतात, झोपण्याआधी त्याने फरक पडतो, पण डॉक्टरांना विचारून. गोळ्या चुरून देण्याआधी मात्र विचारा, काही गोळ्या चुरायच्या नसतात. अँजिओप्लास्टीच्या गोळ्या पोटात जातायत की पिशवीत बसतायत, ही मला जास्त काळजी वाटते.

भूलवाल्या_काकू

अगदी बरोबर. आणि त्या दोन गोळ्यांपैकी कुठली किती दिवस आधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका, आणि "चालू ठेवा, काही होत नाही" असं ऑपरेशन करणाऱ्याने म्हटलं तरी हृदयवाल्यांचा कागद घ्या.

निशिगंधा

खर्चाचं कुणीच बोललं नाही. सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) दाखवलंत का? कान-नाक-घसा विभाग तिथे आहे, वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. दुसरं मत कमी खर्चात मिळतं.

मी_मिरजकर

आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. नुसतं "घशाचं ऑपरेशन" म्हणून विचारू नका, डॉक्टरांकडून ऑपरेशनचं नाव कागदावर लिहून घ्या. आमच्या वेळी स्टेपलरचं बिल वेगळं लागलं होतं, ते आधी विचारून ठेवा. पिनांची ती पट्टी एकदाच वापरता येते.

चिकोत्रा

शाहूपुरीकर, दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा : "आबांच्या या मानेत, या मापाच्या पिशवीत, तो स्नायू तुम्ही कसा आणि कुठपर्यंत कापणार?" आणि वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता तेही. हा आजार कमी दिसतो, लाखात वर्षाला दोघांच्या आसपास. संकोच करू नका, चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

शाहूपुरीकर

मंडळी, बरेच दिवस गायब होतो, क्षमस्व. जे झालं ते सांगतो.

आधी सीपीआरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी आबांची मान मागे वाकवून बघितली, तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि म्हणाले, ताठ नळीचा विचार सोडा. म्हणजे स्टेपलर बाद. राहिले मानेतून उघडून करणं आणि वाकणारी दुर्बीण.

इथल्या सर्जनना चिकोत्रांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी कागद घेतला, पेनाने घसा काढला, स्नायू काढला, कुठून कुठपर्यंत कापणार ते दाखवलं आणि स्वतःहून म्हणाले की हृदयाची तब्येत बघता वाकणाऱ्या दुर्बिणीने होत असेल तर आधी ते करा, नाही जमलं तर मी आहेच. मला तो माणूस फार मोठा वाटला. पुण्यातल्या डॉक्टरांनीही सरळ सांगितलं की भिंतीच्या कडा परत जुळून त्रास पुन्हा सुरू होऊ शकतो, तसं झालं तर परत दुर्बिणीनेच करता येतं.

हृदयाच्या डॉक्टरांनी एक गोळी आधी थांबवायला आणि दुसरी चालू ठेवायला लिहून दिलं. पुण्याला नेलं. भूल देणाऱ्या मॅडमच्या हातात मी बेरियमचा फोटो दिला, त्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या, "बरं झालं आणलात." काकू, हे तुमच्यामुळे.

बाहेरून एकही टाका नाही. झाल्यावर तापावर, छातीत दुखतंय का यावर आणि मानेची कातडी दाबल्यावर चरचर लागते का यावर सतत लक्ष होतं. हवा बाहेर आली तर तसं लागतं म्हणे. तसं काही झालं नाही. रंग पाजून एक्स-रे काढला, सरळ खाली उतरताना दिसला. मग पाणी दिलं. आबांनी ग्लास घेतला, दोन घोट प्यायले, थांबले आणि गळ्यावर हात ठेवून बसले. गुडगुड नव्हती. अजून दोन घोट प्यायले. आई एकटक त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

आधी पातळ, मग मऊ असं करत आता दुधात भाकरी कुस्करून खातात. रात्रीचा ठसका गेला. वजन भरायला लागलंय. पांढरा रस्सा फडक्यातून गाळून दिला होता, शेंगदाणा_लाडूंचे विशेष आभार.

बावड्याचा_पैलवान

जिंकलं आबांनी! तालमीत पेढे वाटा.

कृष्णाकाठ

फार बरं वाटलं. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी आबांना नमस्कार सांगितलाय.

पन्हाळ्याची_सून

थोरल्या भावाची समजूत कशी काढलीत? आमच्याकडेही सासऱ्यांचं असंच चाललंय, मोठे दीर "या वयात नको" यावर अडून आहेत.

शाहूपुरीकर

त्याला एका रात्री आबांच्या खोलीत झोपवलं. पहाटेचा ठसका त्याने स्वतः ऐकला, उशी स्वतः बदलली. सकाळी तोच म्हणाला, पुण्याची गाडी कधी आहे बघ.

सासऱ्यांचं बेरियम झालंय का? नसेल तर आधी ते करून घ्या. झालं असेल तर पिशवीचं माप, कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि मान कितपत मागे जाते एवढं इथे लिहा. काकू आणि चिकोत्रा बघतील. पुण्यातल्या डॉक्टरांचा नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.